काचेवरचं माप

३ जून

चि. टिकटिक हीस अनेक आशीर्वाद.

लॅपटॉप पोचला. मेहुण्यांनी स्वतः आणून टेबलावर मांडला, चालू करून दाखवला, आणि परत जाताना माझ्या जुन्या कॉम्प्युटरचं खोकं गाडीच्या डिकीत घालून भंगारवाल्याकडे पोचवलंही. तेव्हा आता नको म्हणायची सोय उरली नाही. साठी झालेल्या माणसाला लोक आरामखुर्ची देतात, तुम्ही मला नवा अभ्यास दिलात. असो. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाने त्याआधी गिऱ्हाइकांचे चौदा वर्षांचे सगळे पाय जुन्यातून नव्यात उतरवून दिले आणि एकही हरवला नाही, हे कबूल करतो.

पण जे आहे ते लिहितो, आणि हे पत्र मेहुण्यांनाही वाचून दाखव, कारण मी काम कसं करतो ते तुला माहीत आहे, त्यांना नाही. बूट करून घ्यायला माझ्याकडे येणारा प्रत्येक पाय काही ना काही खोडीचा. त्याची आखणी मी कॉम्प्युटरमध्ये साठवतो. जुन्या मोठ्या पडद्याच्या काचेवर दोन्ही पावलं शेजारी शेजारी उभी राहायची, अगदी खऱ्याएवढी. काचेवर पातळ कागद धरायचा, पेन्सिल फिरवायची, आणि त्या कागदावरून बुटाचा लाकडी साचा तासायचा. आता पडद्यावर पेन्सिल टेकवली की आत रंग डहुळतात. पाऊल उभं मावत नाही, आडवं झोपवावं लागतं, तेही एका वेळी एकच. माझ्या जुन्या प्रोग्रॅमची अक्षरं यात मुंगीएवढी दिसत होती, म्हणून त्या माणसाने काहीतरी फिरवून ती मोठी करून दिली. आता चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेलं असतं. छान दिसतं. पण मी काही चित्रं बघायला बसत नाही.

तुझी वहिनी मात्र खूश आहे. टेबलाखालच्या वायरी गेल्या, झाडू सरळ फिरतो म्हणते. फोन करू नकोस, मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं समजतो. पत्रच पाठव. लोभ आहे तेवढा ठेव, वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा दादा

११ जून

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, आणि तुझ्या हुकमाप्रमाणे ह्यांनाही वाचून दाखवलं. वाचायला नको होतं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि गच्चीत जाऊन उभे राहिले. त्या लॅपटॉपसाठी त्यांनी महिनाभराचे रविवार घातले रे. चार दुकानं पालथी घातली, डोळ्यांना त्रास होणार नाही असा पडदा शोधला, वजन हातात धरून धरून पाहिलं. तुझ्या तोंडून ‘बरा आहे’ एवढे दोन शब्द निघायला काय हरकत होती?

तुझं ते जुनं खोकं मागच्या हिवाळ्यात काम चालू असताना तीनदा बंद पडलं होतं. तेव्हा तू वहिनीपासून वीजमंडळापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला होतास, तेही मला पत्राने कळलं आहे. आता नवं आलं तर ते वाईट. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? सवय होईल. महिनाभर कुरकुर न करता वापरून बघ, आणि नंतर मला लिही.

ह्यांना तोंडावर काही बोलता येत नाही. मग माझ्याशी चार दिवस कमी बोलतात, आणि ते निस्तरावं मला लागतं. एवढं ध्यानात ठेव. वहिनीला नमस्कार. रागावून लिहिलं असलं तरी माया कमी नाही, हे तुला सांगायला नको.

तुझी टिकटिक

२ जुलै

चि. टिकटिक हीस अनेक आशीर्वाद.

लॅपटॉप येऊन महिना झाला, तुझं पत्र आल्यापासून कुरकुर केली नाही. वहिनीला साक्षीला उभं करतो.

सोबतच्या खोक्यात तुझे बूट आहेत, नव्या यंत्रावरचा पहिला जोड. पडद्यावर पट्टी आडवी धरून चित्रातले दहा सेंटिमीटर आणि पट्टीवरचे दहा सेंटिमीटर जुळवून घेतले. लांबी केसभरही हलत नाही. तरी हाताला खात्री वाटत नाही, आणि म्हणूनच तुझा पाय सगळ्यांच्या आधी घेतला.

आपले मीटरवाले आठवतात ना? पस्तीस वर्षं घरोघर जिने चढून विजेचे मीटर वाचत फिरले, ते. साखरेच्या आजाराने त्यांच्या पावलांची जाणीव पार गेली आहे. गेल्या वर्षी चपलेत खिळा घुसला तर दिवसभर तसेच हिंडले, घरी लादीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. अशा माणसाला बूट चावतो का म्हणून विचारून काय उपयोग? त्यांचं सगळं मापावर. आणि माप बरोबर आहे की नाही हे सांगायला मला बोलणारा पाय हवा. तुझ्या पायाइतका बोलका पाय माझ्या गिऱ्हाइकांत दुसरा नाही. नऊ वर्षांची होतीस तेव्हा तुझ्या आखूड पायासाठी मी केलेला पहिला बूट तू भर रस्त्यात भिरकावून दिला होतास आणि मला अडाणी म्हणाली होतीस. मी धंदा तिथून शिकलो.

तेव्हा दोन दिवस घाल, कामावर शाळेत चाल, जिना चढ, आणि कुठे काय लागतं ते सरळ लिही. तुझं पत्र आलं की मीटरवाल्यांचा आणि आणखी दोघांचा साचा तासायला घेईन. एकदा तासलेलं लाकूड परत भरून येत नाही, म्हणून थांबलो आहे. मेहुण्यांना सप्रेम नमस्कार, आणि लॅपटॉप बरा आहे असं त्यांना सांग. दोन शब्द लिहिले बघ.

तुझा दादा

१२ जुलै

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

बूट मिळाले. छान बसले, अगदी छान. ह्यांना दाखवले तर इतके खूश झाले की मला दोनदा दारापर्यंत चालून दाखवायला लावलं, आणि नवीन यंत्राची कमाल शेजाऱ्यांनाही ऐकवून आले. कितीतरी दिवसांनी त्यांना असं मोकळं बोलताना पाहिलं. तेव्हा आता तू शंका काढत बसू नकोस, तुझी पुढची कामं उरकून घे.

शाळेच्या ग्रंथालयात सध्या कपाटांची मोजदाद चालू आहे. मी मुख्याध्यापिका बाईंना सांगून आठवडाभर यादी करायचं बैठं काम मागून घेतलं आहे, वर-खाली करायचा कंटाळा आला. मुलीची परीक्षा संपली. बाकी विशेष काही नाही. वहिनीची कंबर आता कशी आहे? घाईत लिहिते आहे, मायेत घाई नाही.

तुझी टिकटिक

२० जुलै

चि. टिकटिक हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून छातीवरचा धोंडा उतरला. मी उगाच त्या यंत्राला महिनाभर शिव्या दिल्या, मनातल्या मनात का होईना. काल तिन्ही साचे तासायला घेतले. मीटरवाल्यांना निरोप धाडला आहे, ते तर लहान मुलासारखे वाट बघत आहेत. नवे बूट आले की रोज तळ्यापर्यंत जाऊन येणार म्हणतात.

मेहुण्यांना सांग, त्यांची निवड पास झाली. परीक्षा तुझ्या पायाने घेतली, म्हणजे वशिला नाही. वहिनीची कंबर तिच्यासारखीच, वाकत नाही. आमच्याकडून सगळ्यांना भरभरून लोभ.

तुझा दादा

९ सप्टेंबर

चि. टिकटिक हीस आशीर्वाद.

मीटरवाल्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

तीन आठवडे ते माझे बूट घालून रोज तळ्यापर्यंत जात होते. भेटेल त्याला थांबवून बूट दाखवत होते. करंगळी आत घासत होती, जखम झाली, चिघळली, त्यांना काहीच कळलं नाही. त्यांच्या मुलीला खोलीत वास आला तेव्हा तिने मोजा काढून पाय पाहिला. तोवर आतलं काळं पडलं होतं.

काल ती दुकानात आली. चार गिऱ्हाइकं बसलेली होती. बूट माझ्या टेबलावर ठेवले, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाली की वडिलांना कळत नव्हतं, म्हणून तर ते तुमच्याकडे आले होते. मग गेली. मला बाकी काही नीट ऐकू येत नाही, हे मात्र शब्दन् शब्द ऐकू आलं.

दुपारी दुकान बंद केलं आणि लॅपटॉपसमोर बसलो. पट्टी आडवी धरली, दहाला दहा. मग ती उभी धरली. दहाच्या जागी नऊ पूर्णांक चार. अक्षरं मोठी करताना कॉम्प्युटरवाल्या त्या माणसाने चित्र एकाच दिशेने ताणून ठेवलं होतं. जुन्या काचेवर एक बाजू जुळली की दुसरी आपोआप जुळायची, चौदा वर्षांत पट्टी उभी धरायची कधी वेळच आली नाही, म्हणून मी धरली नाही. म्हणजे तिन्ही जोड लांबीला चोख आणि बोटांपाशी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त अरुंद. ही चूक माझी आहे, कुणावर ढकलत नाही.

बाकीचे दोन जोड परत मागवले. त्यातला एकजण तर आठवड्यातच बूट चावतो म्हणून सांगायला आला होता. मी त्याला म्हणालो, याच पडद्यावरून केलेला बूट माझ्या बहिणीला फुलासारखा बसला आहे, तुमचाच पाय सुजला असेल. ते शब्द आता मला जेवू देत नाहीत.

एकच विचारायचं आहे. तुझे बूट त्याच पडद्यावरून झाले. तुझा साचा आज मोजला, तुझ्या पायापेक्षा तोही तेवढाच अरुंद आहे. तुला ते बसले कसे?

दादा

१६ सप्टेंबर

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

नाही बसले. पहिल्याच दिवशी करंगळीची साल निघाली. जखमेवर चिकटपट्टी लावली, मोजा चढवला, ह्यांना चालून दाखवलं. रोज घरून बूट घालून निघत होते आणि कोपऱ्यावर गेलं की पिशवीतल्या सपाता घालत होते. आखूड पायाला सपात म्हणजे काय ते तुला सांगायला नको. बैठं काम मागून घेतलं ते त्यासाठीच. आता बूट कपाटाच्या खाली आहेत.

का लिहिलं नाही म्हणशील. घरात पहिल्यांदाच जरा बरं चाललं होतं. ह्यांनी काहीही आणलं तरी आपल्या माणसांकडून त्याला नाकच मुरडलं जातं, हे मी लग्न झाल्यापासून बघते आहे. त्यात तू आघाडीवर. बूट चावतो असं लिहिलं असतं तर तू पुन्हा चार पानं लिहिली असतीस, आणि वर ‘मेहुण्यांना वाचून दाखव’ म्हणाला असतास. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, मला दोघांचीही भीड पडली. वाटलं, माझाच तर पाय आहे, चावला तर मला चावेल.

मीटरवाल्यांचं तू लिहिलं होतंस. मी वाचलं होतं, दादा. नव्हतं वाचलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या उत्तरावर त्यांचा पाय ठरणार आहे हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही. मला माझ्या घरातली शांतता तेवढी दिसत होती.

काल ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की इतक्या वर्षांत आपण एवढे भीतिदायक कधी झालो ते त्यांना कळलंच नाही. लॅपटॉप परत नेतो म्हणतात. मी येऊन त्या मुलीची माफी मागू का? तू म्हणशील तेव्हा निघते. तुझा राग जाईल की नाही तेवढं कळव. माया ठेव असं लिहायची आज हिंमत नाही.

टिकटिक

३० सप्टेंबर

चि. टिकटिक हीस आशीर्वाद.

तू येऊ नकोस. मी जाऊन आलो. मुलीने दार उघडलं, ऐकून घेतलं, पाणीसुद्धा दिलं. मीटरवाले आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडले होते. मला बघून म्हणाले की बूट दिसायला फार झकास होते. मी त्यांना खरं सांगितलं, माझी पट्टी आणि तुझं पत्र, दोन्ही. तुझं सांगायला नको होतं असं तुझ्या वहिनीला वाटतं. मला तसं वाटत नाही. बोटांच्या जागी आत भर घालून त्यांच्यासाठी नवा जोड केला आहे. तो फळीवर आहे. न्यायला अजून कुणी आलेलं नाही, आणि मी निरोपही पाठवलेला नाही.

लॅपटॉप राहू दे. त्याच्यावर आता दोन्ही बाजूंनी पट्टी धरून काम करतो, आणि साचा तासायच्या आधी गिऱ्हाइकाला बोलावून हाताने माप घेतो. यंत्र चांगलं आहे. हे मी भिडेखातर लिहीत नाही, मेहुण्यांना तसं सांग. माझ्या पत्रांनी तुमच्या घरात जे झालं त्याचा वाटा माझ्याकडे येतो, तो मी घेतला. चांगल्या वस्तूला चांगलं म्हणायला माझी जीभ जड आहे, हे वहिनीही सांगत आली आहे.

राग गेला का विचारलंस. नाही गेला. लहानपणी बूट भिरकावणारी माझी बहीण कुठे गेली, हे रोज साचा हातात घेतला की मनात येतं, आणि पुढे काम सुचत नाही.

मेहुण्यांनी कागदावर तुझा पाय आखून पाठवला, रुंदीची मापंही नीट लिहिली. त्यावरून केलेले बूट सोबत आहेत. ज्यांच्या पायाला कळत नाही, त्यांच्या घरच्यांना मी आता एक काम सांगू लागलो आहे. तुझ्या बाबतीतही आता तसंच करायचं. दोन दिवस बूट घाल, संध्याकाळी मोजे काढून मेहुण्यांपुढे पाय ठेव. कुठे लाल झालं आहे ते त्यांनी बघावं आणि त्यांनीच मला लिहावं. तू लिहू नकोस.

तुझा दादा