थोरला परदेशी जातो

सोमवार, ३ मार्च
आज रुजू झाले! बंदराजवळचं परवाना कार्यालय, दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल, खिडकीतून क्रेनच क्रेन. काम अगदी मनासारखं. देशाबाहेर निघालेली प्रत्येक जुनी वस्तू तपासायची. मूळ रहिवाशांच्या श्रद्धेची, पूर्वजांची निघाली तर अडवायची आणि ज्यांची त्यांना परत पाठवायची. शेजारचे शिक्कामास्तर म्हणाले, बायकोपेक्षा शिक्क्याशीच त्यांचा संसार जास्त वर्षांचा आहे. घरी आईला सांगितलं, तर हसता हसता तिला ठसका लागला.

गुरुवार, ६ मार्च
पहिली मोठी पेटी उघडली. आत माणसाच्या उंचीचा लाकडी खांब, वरच्या टोकाला कोरलेला चेहरा. कागदावर लिहिलंय, 'शोभेची वस्तू, नवी'. नवी कसली? बुडाला ओली माती, आणि कपाळ हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. लाल शाईत शेरा मारला: रोखून ठेवावी.

सोमवार, १० मार्च
डोंगरावरच्या वस्तीतून एक म्हातारी आली. मी तिला मावशी म्हटलं. खांब म्हणजे त्यांच्या घराण्यातला थोरला, सात पिढ्यांमागचा पूर्वज. सगळे शेतात असताना कोणी तरी भरदुपारी उपटून नेला. खुर्ची दिली तर बसली नाही. पेटीला टेकून थोरल्याला घरची खबर सांगत राहिली: कोण आजारी, कोणाला मुलगी झाली. मी शब्द दिला की तो घरी परत येईल.

बुधवार, १२ मार्च
साहेबांनी बोलावलं. खांब घेणारं परदेशातलं संग्रहालय मोठं आहे, वरून फोन आलाय. मी नाही म्हटलं. आवाज न चढवता त्यांनी आठवण करून दिली, की मी अजून कायम झालेली नाही आणि आईचं दुखणं जुनं आहे. शेरा खोडला. परवान्यावर सही केली. हात माझाच होता, दुसऱ्या कोणाचा म्हणू?

शुक्रवार, १४ मार्च
जहाज दुपारी सुटलं. मावशी पुढच्या दारात उभी होती, म्हणून मी मागच्या जिन्याने उतरले. शेवटच्या पायरीवर डावी टाच बधिर झाली.

मंगळवार, १८ मार्च
गुडघ्यापर्यंत जाणीव नाही. डॉक्टरांनी सुई टोचली. रक्त आलं नाही. बारीक भुसा आला. त्यांनी सुई पुसून ठेवली. आई म्हणाली, पोरी, चालताना तुझे पाय वाजतात गं.

गुरुवार, २० मार्च
संग्रहालयाला, जहाज कंपनीला, मंत्र्यांना, सगळ्यांना लिहिलं. एकच उत्तर आलं: परवाना रीतसर आहे, सही आपलीच आहे. शिक्कामास्तर आता माझ्याकडे बघतही नाहीत.

शनिवार, २२ मार्च
आई मला गाडीतून वस्तीवर घेऊन आली. माफी मागायची होती. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मावशीने माझे पाय चाचपले आणि रडायलाच लागली.
"आम्ही काही केलं नाही गं, बाई. थोरल्याची जागा रिकामी राहत नाही, एवढंच."
उपाय विचारला. तो परत आला तरच, म्हणाली.
निघताना वाटेवर, थोरला उपटून नेलेल्या खड्ड्यापाशी पाय — उचलेचना. आईने ओढलं, चार माणसांनी ओढलं —

सोमवार
उभीच आहे. कमरेपर्यंत. दुखत नाही, तेच भयंकर. आई साहेबांकडे गेली होती. भेटले नाहीत.

बुधवार?
खांब तिकडे पोचला म्हणे. काचेत ठेवलाय. परत देता येत नाही, नियम आहेत —
मान वळत नाही. आईचा आवाज मागून येतो —

आई वही धरते, मी दोन बोटांनी —
माझ्या टेबलावर नवी मुलगी आली आहे. हसतमुख आहे, आई सांगते. पुढची पेटी तिच्यासमोर —
आई, तिला गाठ. म्हणावं, माझ्यासारखं करू नको, काहीही होवो, सही कर —