डायनाचं बावखल

पुणे, १८ जून २०२५

ती. ॲन्सेल्मकाकांना मेलिसाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं वाचायला तुम्ही तयार नाही, म्हणून किती दिवसांनी पेन हातात धरलंय. अक्षराला नावं ठेवू नका.

एक चूक कबूल करायची आहे. गेल्या खेपेस आले तेव्हा तुमच्या परसातल्या बावखलाचा फोटो काढला होता. चिंचेवर ढोकरी बगळ्यांची घरटी आणि खाली कमळांनी गच्च भरलेलं पाणी. तो मी इंटरनेटवर टाकला. गावाचं नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं, पण काठावरचा क्रूस फोटोत आला आणि त्यावरून कुणीतरी भुईगाव ओळखलं. आता लाखभर लोकांनी तो पाहिलाय. काका, माणसं शोधत आली तर त्रास तुम्हाला होणार. डायनाकाकी गेल्यापासून तुम्ही एकटेच. लोकांशी भांडणार कोण? तसं काही असेल तर लगेच कळवा, मी फोटो काढून टाकीन.

त्या दिवशी जेवायला थांबले नाही, राग धरू नका. उत्तर पाठवा, रागावून लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
मेलिसा


भुईगाव, २६ जून २०२५

चि. मेलिसास अ. उ. आ.

तुझं अक्षर चौथीत होतं तसंच आहे, कागदावरून कोंबडी चालून गेल्यासारखं. तरी पत्र तीनदा वाचलं.

फोटो अजिबात काढू नकोस. माणसं येतात आणि मला बरं वाटतं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आलो तर ओट्यावर अकरा जण! तुझी काकी गेल्यापासून घरात दुसरा कप निघत नव्हता, आता सहाच्या सहा निघतात. युजीन कॅनडातून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा लेकाचे ओठ हलताना दिसतात आणि मी नुसती मान डोलावतो. ही मुलं मात्र समोर येऊन बसतात. मी शाळेतली जुनी पाटी ओट्यावर टांगली आहे. त्यांनी खडूनं प्रश्न लिहायचा, मी तोंडानं उत्तर द्यायचं. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, एवढंच सांगायला मी पाऊण तास घेतो. वर्गात कधी कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

ढोकऱ्यांचा थाट तर विचारू नकोस. पिल्लांनी घरट्यांतून माना वर काढल्या आहेत. मोठे पक्षी सगळे एकदम उडाले की मंडळी टाळ्या वाजवतात. असं कौतुक पाहून मीही त्यांच्याबरोबर वाजवतो. शेजारचा सॅन्टन कुरकुरतो, गाड्या त्याच्या केळींत शिरतात म्हणून. त्याचं काय जातंय, त्याच्या घरी सात माणसं आहेत.

तू तीन तास फोटो काढलेस आणि भात झाकलेलाच राहिला, ही तक्रार मात्र लिहून ठेव. आशीर्वाद आहेतच, ते घ्यायला समक्ष ये.

तुझा,
ॲन्सेल्मकाका


पुणे, ५ जुलै २०२५

ती. काकांना सा. न. वि. वि.

फोटो मी काढून टाकला, पण आता त्याचा उपयोग नाही. तुमच्याकडे येऊन गेलेल्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरताहेत. एकात ड्रोन थेट चिंचेच्या शेंड्याला भिडलाय. दुसऱ्यात लग्न ठरलेलं एक जोडपं क्रुसापाशी रंगीत धूर सोडून उभं आहे.

काका, कसं सांगू कळत नाही. त्या टाळ्या कौतुकाच्या नाहीत. घरट्यावर बसलेल्या ढोकऱ्या दचकून एकदम उडाव्यात आणि चित्र झकास यावं, म्हणून वाजवतात. नाही उडाल्या तर दगड मारतात, फटाका लावतात. तुम्हाला तो ऐकू येत नाही. पक्षी असा धडपडून उठला की पिल्लू खाली पडतं. अशाच एका व्हिडिओत कोपऱ्यात ओटा दिसतो, ओट्यावर तुम्ही, आणि तुम्ही हसत हसत टाळ्या वाजवताय. मला तो पुन्हा बघवला नाही.

आणखी एक. मोबाईलच्या नकाशावर तुमच्या परसात आता खूण आहे, 'डायना लेक' नावाची. लोक तिच्यावरून सरळ दारात येतात. काकीचं नाव परक्या माणसांना कुठून कळलं? पाया पडते, फाटक बसवा आणि कुलूप घाला. मी चिडलेली नाही, घाबरले आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला, माफ करा.

तुमचीच,
मेलिसा


भुईगाव, १६ जुलै २०२५

चि. मेलिसास अ. उ. आ.

नाव मीच दिलं. चष्मा लावलेल्या एका मुलीनं पाटीवर लिहिलं, की ही जागा नकाशावर घालते, नाव काय देऊ. मी डायना म्हणालो. तिनं लगेच मोबाईल समोर धरला, तर निळ्या ठिपक्याशेजारी माझ्या बायकोचं नाव. कबरस्तानात तिच्या नावापाशी माझ्याशिवाय कुणी थांबत नाही. इथे तरी रोज चार माणसं तिचं नाव विचारत येतील, असं मला वाटलं. तेव्हा तू स्वतःला दोष देत बसू नकोस. तुझा फोटो लोकांनी पाहिला असेल, पण त्यांना आत मी बोलावलं. मला माणसं हवी होती गं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी चिंचेखाली गेलो. इतके दिवस ओट्यावरूनच पाहत होतो. चौदा पिल्लं पडली होती, काही बाटल्यांच्या ढिगात, काही पाण्यात. सॅन्टन फावडं घेऊन आला. तो काही बोलला असेल तर मला कळलं नाही. आम्ही दोघांनी ती पुरली. वर तीन घरटी उरली होती, ती सोडूनही ढोकऱ्या आठवड्यात निघून गेल्या. आता झाड मोकळं आहे.

तू म्हणालीस तसं फाटक बसवलं, कुलूप घातलं. आता नकाशावरून तुझ्या काकीचं नाव काढून टाक. कसं काढतात ते मला येत नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगवतही नाही. सॅन्टनच्या मुलीनं दाखवलं, डायनाच्या नावाखाली लोकांनी लिहिलंय, की इथे घाण आहे, पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, येऊ नका. हे तिच्या नावाखाली नको.

आज दुपारी फाटक हलताना दिसलं. बाहेरून कुणी हाका मारत असणार. मी खुर्चीतून उठलो नाही. दारी आलेल्याला परत पाठवायची या घराला सवय नाही, म्हणून खुर्चीचे हात धरून बसलो. बराच वेळ हलून ते थांबलं. मग जाऊन कुलूप काढलं आणि रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तरी फाटक उघडं ठेवून तिथेच उभा राहिलो, अंधार पडेपर्यंत.

लोभ आहे, तो या म्हाताऱ्याच्या चुकीसकट राहू दे.

तुझा,
ॲन्सेल्मकाका