सिमेंटचा हंस, उजवा डोळा

४ फेब्रुवारी १९९६
कारभारीने मुलीच्या लग्नाचा अल्बम परत आणला. तोंडावर काही बोलला नाही. चहा प्याला, अल्बम काउंटरवर ठेवला. पोरगी सासरी रुळली का विचारलं, तर रुळली म्हणाला. पण स्टुडिओचा जिना उतरताना भावाला हळूच म्हणाला, ते मी ऐकलंच – "समदं धुरकट हाय. मालकाला दिसत न्हाई आता." माझे कान हे असे. नको तेच आधी ऐकतात.

भिंग घेऊन बसलो. खरं आहे. नवरीची नथ पुसट आणि मागचा मांडवाचा खांब लख्ख. फोकस चुकलाय. दोष एकतर लेन्सचा, नाहीतर माझा.

वडलांना – आबांना – काचबिंदू झाला होता. शेवटी शेवटी ते आम्हाला आवाजावरून ओळखायचे. लग्नसराई तोंडावर आली. चांगुणाला काही सांगायचं नाही. बायको आधी डोळ्यांत पाणी आणते, मग सगळ्या केडगावला कळतं.

६ फेब्रुवारी
तपासायला न हलणारं गिऱ्हाईक पाहिजे. ते अंगणातच आहे – बंगला बांधला तेव्हा हौसेने आणून बसवलेला सिमेंटचा हंस. चुना उडालाय, मान तडकलीय, एका पंखातून गंजकी सळई डोकावते. पण पापणी लववत नाही, आणि 'झालं का?' विचारत नाही.

अर्धा रोल त्याच्यावर घातला. चांगुणा स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारणीला सांगत होती, "हंसाचं लगीन ठरलं जनू." मी म्हटलं, कलात्मक फोटोग्राफी चाललीय, पुण्याला स्पर्धा आहे. स्पर्धाबिर्धा काही नाही. थाप सुटली तोंडातून, आता निभवायची.

९ फेब्रुवारी
निभवतोय. लेन्सपुढच्या काचेला व्हॅसलीन चोपडलं, मधे बोटाएवढी जागा कोरडी ठेवली. चोच लख्ख, बाकीचा हंस पाण्यात विरघळल्यासारखा! मग एकाच फ्रेमवर दोन फोटो – आधी हंस, वरून शेवग्याच्या फांद्या. गंजकी सळई शेवग्याचीच एक डहाळी होऊन बसली. मग चांगुणाला हंसाच्या डोक्यावरून झारीने पाणी सोडायला लावलं आणि शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं. पाण्याचा पदर झाला.

काय सांगू, मजा आली. लग्नांमागून लग्नं काढताना स्वतःसाठी एक फोटो काढायचा असतो हेच विसरलो होतो. भीतीसुद्धा तासभर विसरलो.

प्रिंट बघून चांगुणा म्हणाली, "धुरकट काढायला येवढा खटाटोप? कारभारीचे तर बसल्या जागी काढले."

म्हणजे तिला माहीत आहे!

११ फेब्रुवारी
खरी परीक्षा आज. हंसाचे दोन फोटो, एकाच जागेवरून. पहिल्याचा फोकस डोळ्याने लावला. दुसऱ्याला टेपने अंतर मोजलं, लेन्सच्या आकड्यावर कडं फिरवलं आणि कॅमेऱ्यात न बघताच बटण दाबलं.

न बघता काढलेल्यात प्रत्येक चीर, शेवाळाचा ठिपका, मानेवर चढणारी मुंगीसुद्धा. बघून काढलेला धुक्यात.

लेन्स निर्दोष सुटली.

१२ फेब्रुवारी
दिवसभर स्टुडिओ उघडलाच नाही. चांगुणाने जेवताना न मागता दोनदा भाजी वाढली.

१५ फेब्रुवारी
सकाळी चांगुणा नवी साडी नेसून दारात उभी. म्हणाली, नगरला डॉक्टरीणबाईंचा नंबर लावलाय, स्पर्धेचं मागून बघू.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. मी आबांचं सांगून टाकलं. त्या बराच वेळ बघत होत्या. त्यांच्या स्टुलाचं चाक कुरकुरत होतं, तेवढाच आवाज. मग म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. काचबिंदू नाही."

पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

चांगुणाने विचारलं, "सासऱ्यांसारखं न्हाई?" नाही म्हणाल्या. उजव्याचं ऑपरेशन आत्ता, डाव्याचं पावसाळ्यानंतर. चांगुणाने पदर तोंडाला लावला. माळीवाडा स्टँडवर दोघांनी उसाचा रस घेतला. ती म्हणाली, आणखी एक घ्या. घेतला.

५ मार्च
उजवा झाला. आत भिंग बसवलंय. पट्टी आहे. डाव्यानेच लिहितोय, ओळी घाट उतरायला लागल्यात.

२६ मार्च
आज काळा चष्मा उतरवला. अंगणात गेलो. हंसाचा चुना जुना होऊन पिवळा पडलाय असं मी धरून चाललो होतो – पिवळा कुठला! पांढरा, थोडा राखाडी. डावा मिटला की असा दिसतो. उजवा मिटला की चहात बुडवून काढलेला. एकेक डोळा मिटत किती वेळ उभा होतो कोण जाणे. चांगुणा ओट्यावरून म्हणाली, "या वयात डोळा कुनाला मारताय?"

डोळ्याने फोकस लावून एक फोटो काढला. मानेवरची चीर केसासारखी बारीक आली. लग्नसराई वाचली.

२७ मार्च
स्टुडिओमागच्या लॅबमधले नमुन्याचे जुने अल्बम उघडले. सगळ्या नवऱ्या निळसर पांढऱ्या. हळदीच्या फोटोतली हळद ताकासारखी. मशीनवर प्रत्येक फोटोचा रंग मीच नजरेने ठरवतो. मोतीबिंदूला पिवळं दिसलं की मी बटण दाबून पिवळं कमी करत आलो. किती वर्षं, देव जाणे!

चांगुणाला विचारलं, तुला दिसत नव्हतं? म्हणाली, "दिसत हुतं की. मला वाटलं, तुमी मुद्दाम करता."

आजपासून खरे रंग.

२ एप्रिल
सुप्याच्या छबूबाई धाकटीच्या साखरपुड्याचे फोटो न्यायला आल्या. खऱ्या रंगातले, एकेक लख्ख. त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून चाळले. मग म्हणाल्या, "दादा, थोरलीला तुमी गोरी केली. धाकटीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

पुन्हा छापून देतो म्हणालो. मशीनवर बसलो. उजवा डोळा मिटला.