सायकलीखालचे रबर

चि. सौ. शरयू हीस अनेक आशीर्वाद.

सवयीने ‘सौ.’ लिहिले गेले. माझ्या सौमित्रचे वर्षश्राद्ध झाले, तरी ते अक्षर खोडण्यास हात धजत नाही.

त्याची सायकल तू संध्याकाळी खोलीतल्या स्टँडवर जागच्या जागी चालवतेस, तिची घरघर खालच्या मजल्यावर पोहोचते. मंगलताई वर आल्या होत्या. म्हणाल्या, “काका, मांडणीवरची भांडी नाचत्यात आमची. पन पोरीला काय बोलू नगा, फिरवू द्या तिला चाक.” म्हणून गोठ्यात म्हशीखाली अंथरतात तसले जाड रबर आणून मी स्टँडखाली घातले आहे. आता थरथर जाणवत नाही. आवाजही पुष्कळ उतरला आहे.

परंतु त्या आवाजाच्या आडोशाला तू रडतेस, हे मला ठाऊक आहे. तो आडोसा आता मीच काढून घेतला. म्हणून आजपासून तुझ्या सायकलीच्या वेळी मी घाटावर जात जाईन. घरात कोणी नसेल, मोकळेपणाने रड.

आमटी झाकून ठेवली आहे, तेवढी गरम करून घे. माझी काळजी नको. मलाही तेथे, कृष्णामाईच्या काठी, कोणी पाहत नाही.

— बाबा