पालखी जिथे वाकते

"मास्तर, देवीचं गाणं स्वतःच्या नावावर करताना जीभ कशी नाय झडली तुमची?" असं सोनबा बेंजोवाला मला भर सहाणेवर, पालखी टेकते त्या चौथऱ्यावर, विचारत होता आणि माझ्या हातात अजून माइक होता. मागच्या पडद्यावर लेदरचं जाकीट घातलेला तुझा जुना फोटो होता. त्याच्याकडे बघता बघता वाटलं, तुला पत्र लिहिलं पाहिजे.

तेव्हा तीर्थस्वरूप श्रीपतदादांस दीपकचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? इकडे समीक्षा मजेत आहे (बापाशी बोलत नाही, पण मजेत आहे). फोन करणार होतो, पण गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येते आणि तिथून बोललेलं खालच्या वाडीलाही ऐकू जातं. वाडीतला पांडू उद्याच्या एसटीने तुमच्याकडे दिव्याला निघाला आहे. त्याच्या हाती हे देतो.

तुमच्या मुंबई मंडळाच्या वर्धापनदिनाला तरुणांसाठी काहीतरी ठेवा, असा तुझाच निरोप होता. (सेक्रेटरी म्हणून तू निरोप पाठवतोस आणि भोगतो मी.) मी विषय घेतला भारतीय पॉप संगीताचा इतिहास. हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्याने हा विषय का घ्यावा, हे तुझ्याखेरीज गावात कुणाला कळणार नव्हतं. कळायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं होतं. सत्तरच्या दशकातले मोठ्या हॉटेलांतले क्लब सांगितले. लंडनहून आलेल्या डिस्कोच्या तबकड्या सांगितल्या. मग नव्वदी आली, छपरांवर डिश आल्या आणि जाकीट असलेल्या प्रत्येक माणसाचा एक अल्बम निघाला. मग सिनेमाने सगळं परत गिळलं, कॅसेट गेली, सीडी गेली. माझा मुद्दा साधा होता. सिनेमातलं गाणं नायकाचं असतं. पॉपमध्ये पहिल्यांदा गाणं हे गाणाऱ्याचं झालं, त्याच्या स्वतःच्या नावाचं. हे मी फार चांगलं बोललो. ऐकायला पुढे ठमाबाई होत्या, त्यांची नात होती आणि जेवणाची वाट बघणारी मंडळी होती.

मग उदाहरण म्हणून आपलं गाणं घेतलं, चाल माझी आणि आवाज तुझा. त्याच्या व्हिडिओसाठी वरंध घाटात दुधाच्या टेंपोवर उभं राहून तू मे महिन्यात ते जाकीट घातलंस आणि तिसऱ्या वळणावर तुला चक्कर आली, ते सगळ्यांना आठवत होतं. गाणं कुणालाच आठवत नव्हतं. म्हणून मी चाल गुणगुणून दाखवली. अर्धी ओळ झाली नसेल, तर मंडळी उठून उभी राहिली. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या. ठमाबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

ते पालखीचं गाणं आहे, दादा. मला माहीत होतंच. गेली पंचवीसेक वर्षं शिमग्याला मी गर्दीच्या मागे उभा राहून ते ऐकतो आणि कुणाला काही न सांगता घरी येतो. तुझ्या हळदीला आपण न खपलेल्या कॅसेटी नारळाबरोबर वाटल्या होत्या, त्यांतली एक सोनबाकडे गेली. त्याने ती बेंजोवर बसवली, पुढच्या शिमग्याला पालखीपुढे वाजवली आणि आता त्याची खात्री आहे की देवीने ही चाल त्याच्या आजाला स्वप्नात दिली. तो खोटं बोलत नाही, हीच अडचण आहे. मूळचं ते समुद्रकिनाऱ्यावर पार्टीला बोलावणाऱ्या मुलीचं गाणं, तेही आपल्या हिंदीत. शब्द गळून पडले, हे देवीचे उपकार.

इथे मी थांबायला हवं होतं. पण ही चाल माझी, असं म्हटल्यावर सोनबाने पुरावा मागितला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. दुसऱ्या अंतऱ्यात सूर एकदम खाली घसरतो बघ. तो मी बांधलेला नाही. सोनबाच्या टेपरेकॉर्डरने तिथे फीत चावली होती. पेन्सिल घालून ती मीच गुंडाळून दिली होती. ताणलेली फीत जशी वाजली तशी त्याने ती बसवली. तो सूर आला की भोई खांदे खाली करतात, पालखी वाकते आणि आया आपली मुलं तिच्याखालून काढतात. म्हणजे देवी वाकते ती टेप बिघडली म्हणून, असं मी माइकवर बोलून बसलो.

जेवण वाढलंच नाही. लगेच गावकी बसली. मी म्हटलं, कॅसेट आणतो. मुरारी गुरव म्हणाला, "कॅसेट काय बोलंल? देवीलाच विचारू." येत्या रविवारी कौल लावायचा ठरला आहे. मूर्तीला दोन फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर गाणं माझं, डावं पडलं तर देवीचं. आणि माझं ठरलं तर माणसाच्या चालीवर देवी नाचवायची नाही, दुसरी चाल बघायची. भारतीय पॉपचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही पद्धत विचारात घेतलेली नाही. महाडच्या दुकानातल्या उरलेल्या कॅसेटी पुरात गेल्या. तुझ्याकडे एक तरी असेल. कपाटाच्या माथ्यावर बघ. पांडूबरोबरच पाठव. आयुष्यात मी एकच गोष्ट केली, तिच्यावर माझं नाव असावं, इतकंच.

तुझा,
दीपक

ता. क. कॅसेट पाठवताना ओल लागणार नाही अशी बांध.

ता. क. पुन्हा. समीक्षा आज पहिल्यांदा बोलली. ताट ठेवलं आणि म्हणाली, "पप्पा, जिंकलात तर वाजवणार कोण?" तेव्हा कॅसेट सापडली तरी पाठवू नकोस. त्याऐवजी रविवारच्या आत पांडूबरोबर गावकीला पत्र पाठव. सेक्रेटरी म्हणून तुझं ऐकतील. लिही, की गाणं जुनंच आहे, तू लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलंयस, आणि दीपकचं डोकं हल्ली ठिकाणावर नाही. शेवटचं पटकन पटेल. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल.

सकाळी. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. मुरारीला रविवारी लग्नाला जायचं आहे, म्हणून त्याने कौल आजच लावला. उजवं फूल पडलं. कुणी वाद घातला नाही. सोनबाने बेंजोवर कापड टाकलं आणि जाताना माझ्या पाया पडला, म्हणाला, "चुकलं मास्तर, तुमचं गाणं आजवर इचारल्याबिगर वाजवलं." ठमाबाई मागे राहिल्या. त्यांनी विचारलं, "मंग आता पालखी वाकायची कुठं रे?" एसटी येतेय. पांडूला खिडकीतून पाकीट देतो आणि शाळेत जातो.