वार्निश कच्चं असताना

बाबा, हे तुम्हाला लिहितो आहे, आणि तुमच्याबरोबर हातात ब्रश धरून आयुष्य काढलेल्या आपल्या सगळ्या जमातीला. आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे आणि ती तुम्ही मरेपर्यंत करत होतात. लोक मोटारीच्या दारात स्वतःचं तोंड बघतात, भांग सरळ करतात, मिशी चाचपतात आणि निघून जातात. हे दार कोणी रंगवलं, हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्र झाला, जिल्ह्यात डांबरी सडका आल्या, खामगावात फवाऱ्यानं रंग मारणारी तीन दुकानं झाली, तरी ही तक्रार जशीच्या तशी आहे. मी ती कापसाच्या कामगारांच्या सभेतही मांडली आहे. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेले आणि मी आपल्या दुकानात येऊन पत्र्याचे खड्डे भरायचं पोटीन कालवत बसलो.

वकीलसाहेबांची मोटार परत आली आहे. वकीलसाहेब तुमच्यानंतर काही वर्षांनी गेले. गाडी त्यांच्या वाड्यामागच्या कडब्याच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. आता त्यांचा मुंबईचा इंजिनिअर मुलगा ती बाहेर काढतो आहे. तिकडे म्हणे जुन्या मोटारींची मिरवणूक निघते, परीक्षक बसतात आणि गाडी असल आहे की नाही ते पाहतात. इंजिन त्यानं मुंबईहून माणूस आणून चालू केलं. चारी दारं मात्र बैलगाडीत घालून माझ्याकडे पाठवली, आणि मागून स्वतः आला. "दारं कंपनीतून आली तशी झाली पाहिजेत," म्हणाला. मी पुढच्या दाराच्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा घासून त्याला थर दाखवले. वर पिकल्या बोराचा रंग, म्हणजे तुमचा. त्याखाली शेंदरी अस्तर. त्याखाली काळा. काळा दिसल्याबरोबर तो खूश झाला. "हाच असल!" मी म्हटलं, साहेब, त्या काळ्या रंगात ही गाडी एका इंग्रज अंमलदाराला शिकारीला नेत होती. तुमच्या घरी आली ती लिलावातून, पत्रा उघडा पडलेली. या जिल्ह्यात हिनं जे काम केलं ते सगळं बोराच्या रंगात केलं. असल कोणतं, ते ठरवा. तो हसला आणि म्हणाला, "तुमचं भाषण ऐकायला मी तिकीट काढून येईन."

बोराचा रंग तुम्ही कसा केलात ते मला काल केल्यासारखं आठवतं. मी मॅट्रिक होऊन घरी आलेलो, पुस्तकांनी डोकं तापलेलं. तुम्ही जवसाचं तेल आईच्या चुलीवर कढवता आहात, कारण दुकानातल्या शेगडीची आच तुम्हाला पटत नाही. आई पदर नाकाला लावून दारात उभी. "तुमच्या त्या वासानं भाकर नरड्याखाली उतरत नाही." तुम्ही पळीवरून नजर न हलवता म्हणता, "मंग आज खिचडी कर." आई म्हणते, "खिचडीले का नाक नसते?" तेल मधासारखं होईपर्यंत तुम्ही तिथून उठला नाहीत. मग बाजारातून आणलेलं एक पिकलं बोर फळीवर ठेवून त्याच्याशी रंग जुळवलात, सावलीत एकदा आणि उन्हात एकदा. डाळिंबाकडे झुकला की काळा टाकायचा, जांभळाकडे झुकला की तांबडा. दारं ब्रशनं रंगली. रंगाचा प्रत्येक हात वाळला की पाण्यानं घासून पुन्हा दुसरा. शेवटी वार्निश. त्या दिवशी जमिनीवर पाणी शिंपडलेलं, दारं-खिडक्या बंद, आणि मी शेजारच्या सुताराला मजुरांच्या हक्कांवर काहीतरी ऐकवतो आहे. तुम्ही हात थांबवला नाहीत, मान वळवली नाहीत. "भाषण द्यायचं तं बाहीर जाय बे. थुकी उडते वार्निसवर." सुतार आठ दिवस तेच सगळ्यांना सांगत फिरला. अजूनही कुठल्या सभेत आवाज चढला की मला ते वाक्य ऐकू येतं, आणि मी समोरच्या रांगेपासून एक पाऊल मागे होतो.

मग तो दसरा. वार्निश अजून कच्चं होतं, आश्विनातल्या दमट हवेनं वाळू दिलं नव्हतं. तुम्ही वकीलसाहेबांना सांगितलंही होतं की गाडी आणखी चार दिवस राहू द्या. पण दसऱ्याला गाडीची पूजा होणार म्हणजे होणारच. वाड्यापुढे आंब्याची पानं, झेंडू, लिंबं. वकीलीणबाई ताट घेऊन पुढे आल्या. नवी सून घरात येताना भिंतीला ओल्या कुंकवाचा हात लावते ना, तसा त्यांनी उजवा हात कुंकवात बुडवला आणि मागच्या डाव्या दाराकडे निघाल्या. तुम्ही ओरडलात. वकिलाच्या घरी, चार मोठ्या माणसांसमोर, बाईमाणसावर! "बाई, वार्निस कच्चं हाय! हात नका लावू!" त्या थबकल्या. "कच्चं हाय तं वाळन. काऊन ओरडता, मिस्त्री? कुंकवाबिगर मी गाडीत पाय नाही ठेवत." आणि पूर्ण पंजा, पाची बोटं, दारावर दाबला.

कुंकू पुसलं, पण कुंकवातल्या चुन्यानं वार्निश खाल्लं होतं. बोराच्या रंगावर हाताच्या आकाराचा फिका डाग राहिला, तळव्याच्या रेषांसकट. तुम्ही तिथंच म्हणालात, दार परत न्या, मी फुकट करून देतो. वकीलसाहेब तयार होते. बाईंनीच नको म्हटलं. "राहू द्या. मले माही गाडी ओळखू येईन." घरी आल्यावर आईसमोर ताट सरकवून म्हणालात, "त्या बाईनं माह्या कामावर हात मारला." आई म्हणाली, "मंग काय झालं? तुमच्या कामाले कोनी हात तं लावला."

त्या डागासकट ती गाडी फिरली. बाई कुठे कुठे जात होत्या ते तुम्हाला माहीत आहे. पिंपळगाव राजा, डोणगाव, पार रोहिणखेडपर्यंत, मुलींना शाळेत घाला म्हणून घरोघर बसायला. गावाच्या वेशीवर पोरं ओरडायची, "हातवाली मोटार आली!" रोहिणखेडला मशिदीपाशी एका म्हाताऱ्या बाबांनी दाराला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि विचारलं, "बाई, ये पंजा किस का है?" त्यांना वाटलं मोहरमचा. बाई म्हणाल्या, "मेरा है, चाचा." म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला, आणि त्यानं आपल्या दोन नाती शाळेत पाठवल्या. शाळा उभी राहिली तेव्हा दगडावर वकीलसाहेबांचं नाव आलं. मी त्या दगडाविरुद्ध दोन भाषणं केली. दगड आहे तिथंच आहे. बाईंचं नाव या जिल्ह्यात कुठेच नाही; होता तो दारावरचा हात.

'होता' म्हणतो, कारण तो मला ठेवता येईना. सगळी युक्ती करून पाहिली. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं कधीच बुजलेली, पत्र्याआडच्या चौकटीचं सागवान कुजून भुसा झालेलं, पत्रा आतून गंजून फुगलेला आणि वार्निश पापडासारखं सुटलेलं. बोट लावलं की ठशाच्या करंगळीचा तुकडा हातात येत होता. लाकूड बदलायचं तर पत्रा काढावा लागणार, पत्रा साफ करायचा तर रंग जाणार. इंजिनिअर म्हणाला, "बरंच झालं. तो डाग परीक्षकांना कसा समजावून सांगणार होतो?" मी म्हटलं, दाराला कानस लावण्याआधी मी तुमच्या आईंना विचारणार. चला वाड्यावर.

बाई ओसरीवर जवस निवडत होत्या. कपाळ मोकळं, पांढरं पातळ, बोटं सांध्यात वाकलेली. मी सगळं सांगितलं. म्हटलं, काकू, तुमचा हात मला वाचवता येत नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग घासून टाक नं. त्यात काय?" मग म्हणाल्या, "बोरीच रंग देशीन ना?" हो म्हटलं. "वार्निस?" तेही तसंच, मी म्हटलं. "मंग कच्चं असताना मले बलाव. नवा लावीन."

मुलगा उभाच राहिला. "आई, तू कुंकवात हात घालणार? बाबा गेल्यानंतर? लोक काय म्हणतील?"

"म्हनतीन, म्हातारीनं मोटार खराब केली. थे तं तवाबी म्हनत होते."

"तसं नाही गं. ते कुंकू बाबांच्या नावाचं असतं."

"थे कपायावरचं. दारावरचं मोटारीचं होतं." मग माझ्याकडे वळून, "काय रे, तू तं लई भाषनं ठोकत असते इधवांच्या हक्कावर. आता काऊन गप?"

बाबा, मी ज्या गोष्टीसाठी भर चौकात घसा कोरडा केला, जी सांगायला दहा पुस्तकांचे दाखले दिले, ती त्यांनी जवस निवडता निवडता उरकली. मुलगा बराच वेळ अंगणात फिरला. मग म्हणाला, "रंग बोराचाच द्या. काळा नको." शेजारच्या दोन घरांत ही गोष्ट पोचली आहे आणि हे शास्त्राला धरून नाही असा भटजींनी निरोप पाठवला आहे. मी उलट निरोप पाठवला की उद्या सकाळी दुकानात या, बसायला बाकडं आहे.

दारं झाली आहेत, आणि ती तुमच्या तोडीची झाली आहेत. हे मी नम्रता बाजूला ठेवून सांगतो. सागवान नवं घातलं, भोकं मोकळी केली, शेंदरी अस्तर, पोटीन, घासकाम, सगळं तुमच्या क्रमानं. रंग जुळवायला दाराच्या आतल्या बाजूचं कापड उचकटलं. त्याच्यामागे कधी ऊन पोचलं नव्हतं, तिथं तुमचं बोर जसंच्या तसं होतं. तेल मी घरच्याच चुलीवर कढवलं. तुमच्या सूनबाईनं आईपेक्षा जास्त ऐकवलं. फवारा त्या मुलानं मुंबईहून आणला होता, तो खोक्यातच ठेवला. काल वार्निश दिलं, दिवसभर कोणाशी बोललो नाही. थंडी आहे, त्यामुळे उद्या सकाळपर्यंत ते बोटाला चिकटणार नाही, पण दाबलं तर ठसा घेईल. पाण्यासारखं बसलं आहे, बाबा. एक केस नाही, धुळीचा एक कण नाही. असं दार माझ्या हातून आजवर झालं नव्हतं आणि पुन्हा होईल असं वाटत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि टाकायचंही नाही. भटजीची मला भीती नाही, गल्लीची नाही, परीक्षकांची तर नाहीच. एकच गोष्ट आहे, ती तुम्हालाच कळेल म्हणून लिहिली. उद्या त्या हात कुंकवात बुडवून माझ्या दाराकडे येतील तेव्हा, इतकं सगळं मानणारा मी, ओरडेन असं मला वाटतं. बाबा, तेवढ्या वेळापुरतं माझं तोंड दाबून धरा.