शेवगावची बुलेट, नागापूरचं इंजिन

नागापूर, ता. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. एलिझाबेथ हिस,
यशयादादाचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं नाताळाचं कार्ड आणि करंज्यांचा डबा पोचला. सुरेखाने डबा दोन दिवस लपवून ठेवला होता, तरी मला सापडला. यंदाही शेवगावला येणं जमलं नाही, रागावू नकोस. फोनचं म्हणशील, तर कारखान्यात प्रेसच्या मशिनीजवळ तीस वर्षं काढून माझे कान गेलेत. तुझं निम्मं कळतं आणि उरलेल्या निम्म्याला मी उगाच हो म्हणतो. तेव्हा आपलं पत्रच बरं.

निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते, त्याला आता उद्योग मिळाला. चर्चने इन्व्हर्टर घेतला आणि जुना डिझेल जनरेटर मला देऊन टाकला. त्याचं एका सिलिंडरचं इंजिन मी खोललं, धुतलं, रिंगा बदलल्या, आणि पठ्ठ्या चालू झाला. आता ते मोटरसायकलमध्ये बसवायचं. माझा कारखान्यातला जोडीदार मच्छिंद्र मिरजगावला शेती करतो. त्याच्या घरापासून विहिरीपर्यंत दोन किलोमीटरची पाणंद आहे. चारा आणि दुधाच्या कॅन न्यायला त्याला असलं दमदार वाहन हवंय. आरटीओत विचारून आलो. असं इंजिन बदललेलं वाहन परवानगीशिवाय रस्त्यावर आणायचं नाही म्हणाले. मच्छिंद्र म्हणतो, रस्ता हवाय कुणाला, पाणंद माझ्याच बापाची हाय.

अडलंय ते गाडीपाशी. हल्लीच्या गाड्यांचा सांगाडा नाजूक, डिझेलच्या हादऱ्यांनी महिन्यात चिरेल. भिंगारला एक येझदी पाहिली, केडगावला एक राजदूत. दोन्हींत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात, म्हणजे इंजिन काढलं की गिअरही गेले. मला हवी गिअरबॉक्स वेगळी असलेली, जाड सांगाड्याची जुनी गाडी. बघू कुठे मिळते ते.

दाजींचा पाय थंडीत दुखतो का, ते कळव. लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझा,
यशयादादा

शेवगाव, ता. १५ जानेवारी २०२५

ती. यशयादादास,
एलूचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आणि जॉय दोघंही हसलो. गिअरबॉक्स वेगळी, सांगाडा जाड, गाडी जुनी. दादा, आमच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या बुलेटचं सगळं वर्णन केलंस आणि नाव तेवढं लिहायचं विसरलास. ती गाडी तूच जॉयना निवडून दिली होतीस. भिंगार आणि केडगाव पालथं घातलंस, पण बहिणीचं घर काही आठवलं नाही.

जॉयच्या अपघाताला या फेब्रुवारीत नऊ वर्षं होतील. तेव्हा टेम्पोतून आणून शेडमध्ये ठेवली, ती तिथेच आहे. कुणी हात लावलेला नाही. ताडपत्रीखाली कोंबड्या अंडी घालतात. तिच्या कागदपत्रांची मुदतही केव्हाच संपली. जॉय पुन्हा गाडीवर बसणार नाहीत आणि भंगारात घालायला माझं मन होत नाही. तुझ्या हातून तिचं काहीतरी नवं झालं तर आम्हाला बरंच वाटेल. जॉयही घेऊन जा म्हणाले.

पाय थंडीत दुखतो, पण झेरॉक्सच्या दुकानात बसून काम चालतं. माझ्या शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड आहे. गाडी न्यायला ये म्हणजे तुझं तोंडही दिसेल. सुरेखावहिनींना सलाम. माया असू द्यावी.

तुझी,
एलू

नागापूर, ता. २४ जानेवारी २०२५

चि. सौ. एलूस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुम्ही दोघांनी मनापासून देऊ केलीत, पोचली म्हणून समज. पण ती गाडी नको. पडलेल्या गाडीचा सांगाडा पिळलेला असतो, तो सरळ होत नाही. शिवाय नऊ वर्षं उभी म्हणजे आतून गंजली असणार. शिवाय शेवगावहून आणायची म्हणजे टेम्पो बघा, माणसं बघा. मच्छिंद्रने श्रीगोंद्याकडे एक गाडी बघून ठेवली आहे, ती जमेल बहुतेक.

सध्या सुरेखाचे गुडघे धरलेत, त्यामुळे माझंही येणं लांबेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. जीव लावतेस तो लावत राहा.

तुझा,
यशयादादा

शेवगाव, ता. ५ फेब्रुवारी २०२५

ती. यशयादादास,
एलूचा सप्रेम सलाम. वि. वि.

वहिनींना मी फोन केला होता. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत आणि परवाच त्या चालत बाजारात जाऊन आल्या. तू लहानपणापासून खोटं बोलायला लागलास की "शिवाय" फार लिहितोस. मागच्या पत्रात मी मोजले.

म्हणून तुला न विचारता गाडी पाठवली आहे. आमच्या शेजाऱ्यांचा टेम्पो कापूस टाकून नगरकडे रिकामा जात होता. शुक्रवारी तुझ्या दारात उतरवतील. सांगाडा पिळलेला असेल तर भंगारात घाल, पण आधी बघ तरी.

एक गंमत सांगते. गाडी चढवताना जॉय दोऱ्या पुन्हा पुन्हा आवळून बघत होते. टेम्पो निघाल्यावर मला विचारलं, दादा ब्रेकसुद्धा खोलतील का. मी म्हटलं, दादा घड्याळ दुरुस्त करायला घेतलं तरी टेबलाचे स्क्रू तपासतो. तर हसले नाहीत. जुनी आठवण आली असेल.

पोचल्याचं कळव. माझ्यावरचा राग अर्ध्यावर आण.

तुझी,
एलू

नागापूर, ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. एलूस,
सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र सावकाश, बसून वाच. दाजींनाही वाचून दाखव, त्यांचाही हक्क आहे.

अपघाताच्या आधीच्या रविवारी मी शेवगावला आलो होतो आणि गाडीच्या मागच्या ब्रेकला नवे लायनर घातले होते. ब्रेकचा दांडा पायाच्या पॅडलला एका पिनेने जोडलेला असतो. ती निसटू नये म्हणून तिच्या भोकातून बारीक दुमडती पिन घालतात, तिला आम्ही स्प्लिट पिन म्हणतो. ती नसली तर आज ना उद्या मोठी पिन गळून पडते आणि ब्रेक नुसता खाली जातो. तू जेवायला हाक मारलीस, मी हात पुसून आत आलो. सोमवारी नागापूरला शर्ट धुवायला टाकताना खिशात एक स्प्लिट पिन सापडली.

दुकानातून एक आणली होती की दोन, आठवेना. पॅडलला घातली की नाही, तेही आठवेना. तेव्हाच फोन करून दाजींना गाडी काढू नका म्हणायला हवं होतं. पण घातलीच असेल म्हणालो आणि दुसऱ्या पाळीला गेलो. बुधवारी तुझा फोन आला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दाजी पलंगावरून सांगत होते, ब्रेक लागलाच नाही.

एलू, तिथे तुझ्याजवळ उभं राहून मी ते बोलू शकलो नाही. नंतर शेवगावचा रस्ता धरवेना. दाजी लंगडत दार उघडायला येतील आणि मी त्यांच्या हातचा चहा पिईन, हे माझ्याच्यानं होईना. कान, गुडघे, पाळी, सगळ्या सबबी होत्या.

तुझी गाडी दारात उतरली. आठ दिवस मी तिच्या ताडपत्रीला हात लावला नाही. काल सकाळी सुरेखाने विचारलं, ही काय देवाला वाहिलेली आहे का. मग मी रॉकेल आणि ब्रश घेऊन बसलो. पॅडलपाशी चिखलाचा दगड झाला होता. तो खरवडून काढला. आत मोठी पिन जागेवर होती आणि तिच्यात स्प्लिट पिन होती. दोन्ही पाय दुमडलेले, लांब पाय उलटा वळवलेला. तो मीच वळवतो तसा. मी पॅडल दाबलं, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. सोडलं, सुटलं. पंधरा-वीस वेळा दाबलं असेल. लायनर अजून नव्यासारखे आहेत.

मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. सुरेखा घाबरून आली, तेव्हा तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, नऊ वर्षं झोपेत पिना मोजता, मला वाटायचं कारखान्यातलं काम असेल.

ब्रेक का लागला नाही ते मला ठाऊक नाही. वाटेत माती असेल, दाजींचा पाय घसरला असेल. मला एवढंच कळलं की ते माझ्या हातून झालं नाही. पण सोमवारी फोन केला नाही, ते मात्र माझ्याच हातून झालं, आणि त्याबद्दल मी तुम्हा दोघांची क्षमा मागतो.

सांगाड्याला दोरी लावून पाहिली. सरळ आहे, फक्त पुढचा फोर्क वाकलाय. हवी होती तशीच गाडी आहे.

तुझा,
यशयादादा

शेवगाव, ता. २२ फेब्रुवारी २०२५

ती. यशयादादा यांस,
जॉयचा सप्रेम सलाम. वि. वि.

मी पत्र लिहिणाऱ्यांतला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हे टाकण्याआधी एलिझाबेथला वाचायला दिलं आहे.

तुमचं पत्र तिने सकाळी चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. खिशातल्या पिनेपाशी आली तेव्हा मी उठून दुकानात निघून गेलो. दुपारपर्यंत शटर अर्धं ओढून बसलो होतो.

दादा, ब्रेक चांगला होता. मी तो दाबलाच नाही. पाथर्डी रस्त्याला गाडी मोकळी सुटली होती आणि मी डाव्या हाताने मोबाईल काढून क्रिकेटचा स्कोअर बघत होतो. वर पाहिलं तेव्हा कडेचा खडीचा ढीग समोर होता. त्याच्या आदल्याच आठवड्यात एलिझाबेथने मला बायबलवर हात ठेवायला लावून वदवून घेतलं होतं की गाडी चालवताना मोबाईल हातात धरणार नाही. दवाखान्यात तिने काय झालं विचारलं आणि तोंडाला आलं ते सांगून टाकलं. ब्रेक तुम्ही केला होता, हे त्या घटकेला माझ्या डोक्यातही नव्हतं. नंतर डोक्यात आलं, तेव्हा उशीर झाला होता. तुम्ही येईनासे झालात, तर कान गेलेत म्हणून असेल असं मी स्वतःला समजावत राहिलो. खरं कारण आतून कळत होतं.

माझा पाय मी मोडला. तुमची नऊ वर्षं पण मीच मोडली. तुम्ही क्षमा मागावी असं माझ्यापाशी काही नाही, उलट ती मीच तुमची मागायला हवी. आलात तर दार मी उघडीन. नाही आलात तर मी काठी टेकत नागापूरला येईन.

तुमचा,
जॉय

शेवगाव, ता. २३ फेब्रुवारी २०२५

ती. यशयादादास,
एलूचा सप्रेम सलाम. वि. वि.

जॉयचं पत्र वाचलं. पहिल्यांदा त्यांच्यावर भडकले, मग तुझ्यावर, मग घरात कुणी उरलं नाही म्हणून भांडी घासली. काल ते माझ्याशी बोलायला येत होते आणि मी वर्गातल्या मुलाला द्यावं तसं उत्तर देत होते. संध्याकाळी मात्र दोघंही शेडच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो आणि मला रडू आलं. ते दुःखाचं नव्हतं.

कारण मनात दडवलेलं माझंही एक आहे. दवाखान्यात ब्रेक लागला नाही हे ऐकल्यावर मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, गाडी शेवटची कुणी खोलली होती. विचारलं आणि तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा उतरला तो मला दिसला. मला वाटलं, बहिणीने चारचौघांत संशय घेतला म्हणून तू दुखावलास आणि येईनासा झालास. दर नाताळाला करंज्या पाठवत होते, पण दादा, माझं चुकलं, एवढं लिहायचं धाडस झालं नाही.

तिघं शहाणे, आणि तिघांनी मिळून नऊ नाताळ घालवले. आता पुरे. ईस्टरला तू आणि वहिनी इथे यायचं. सबब लिहिलीस तर पत्र न उघडता परत पाठवीन. जॉय आजपासूनच दाराच्या बिजागरीला तेल घालून बसलेत.

भेटीची वाट बघते.

तुझी,
एलू

मिरजगाव, ता. २६ एप्रिल २०२५

चि. सौ. एलूस,
सप्रेम सलाम. वि. वि.

ईस्टरला तुझ्याकडे चार दिवस राहिलो, त्याचं वजन सुरेखाने कालच काट्यावर दाखवलं. तुला पेपर तपासायचे होते म्हणून तू आज येऊ शकली नाहीस, त्याची हळहळ दाजींनाही होती. ते सकाळच्या एसटीने नागापूरला पोचले आणि ते, मी आणि सुरेखा मच्छिंद्रच्या पिकअपमधून गाडी घेऊन इथे आलो.

इंजिन तिसऱ्या किकला चालू झालं. बुलेटच्या गिअरबॉक्सला साखळीने जोडलंय, ते जोडकाम एकदाही कुरकुरलं नाही. मच्छिंद्रने चाऱ्याचे दोन भारे लादून विहिरीपर्यंत नेली आणि परत आणली. वेग सायकलपेक्षा थोडा जास्त, आवाज असा की मलासुद्धा ऐकू आला. मच्छिंद्रची आई चांगुणाबाई ओट्यावरून म्हणाली, लई दमाची हाय, पन बैलाला भिववू नका. सगळे खूश आहेत. सुरेखा आणि चांगुणाबाईंची पुरणपोळ्यांवरून दोस्ती झाली.

आता एक गोष्ट. दुपारी मच्छिंद्र जेवायला गेला तेव्हा दाजींनी काठी बांधाला टेकवली आणि गाडीवर बसले. पहिला गिअर टाकून सरळ पाणंदीने जांभळीच्या झाडापर्यंत गेले, वळले आणि परत आले. मी शेजारून चालत होतो, दोन्ही हात मोकळे ठेवून. त्यांचे दोन्ही हात हँडलवर होते आणि नजर समोर होती. उतरले तरी तोंडावरचं हसू काही जाईना. मग म्हणाले, एलिझाबेथला हे सांगू नका.

मी मान डोलावली, कान गेल्यासारखी. पण आता या घरात कुणी कुणाचं काही पोटात ठेवायचं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. पत्र तुझ्या हाती पडायच्या आत त्यांनी स्वतःच सांगितलं असेल, तर थोडंच रागव. नसेल सांगितलं, तर तुझ्या मनाला येईल तेवढं रागव, पण जेवू घालून मग.

माया आहे तेवढी पुरते, तीच चालू ठेव.

तुझा,
यशयादादा